मॉर्मन घरातला आठवडा

मॉर्मन म्हटलं की दोन गोष्टी चटकन आठवतात. ही माणसं चहा-कॉफी पीत नाहीत, आणि त्यांच्यात पूर्वी एका पुरुषाला अनेक बायका असत. पहिली गोष्ट आजही खरी आहे. दुसरी प्रथा सोडल्याचं चर्चने १८९० मध्ये जाहीर केलं. आज कुणी असं लग्न केलं तर त्याचं सदस्यत्व जातं. आजही ही प्रथा पाळणारे काही गट आहेत, पण त्यांचा मुख्य चर्चशी संबंध नाही. या दोन गोष्टींच्या पुढे मात्र आपली माहिती बहुधा सरकत नाही. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत एखादं कुटुंब हा धर्म पाळतं कसा, नियम कोण सांगतं, पाळले की नाही हे कोण विचारतं, हे समजून घेण्यासारखं आहे.

आधी थोडा इतिहास, कारण आजच्या सवयींची मुळं तिथे आहेत. जोसेफ स्मिथ या तरुणाने १८३० मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. त्याच वर्षी ‘बुक ऑफ मॉर्मन’ छापलं गेलं. बायबलच्या जोडीला हाही ग्रंथ ते पवित्र मानतात आणि त्यावरूनच लोकांनी त्यांना मॉर्मन हे नाव दिलं. शेजाऱ्यांशी खटके उडत गेले आणि त्यांना एकेक राज्य सोडावं लागलं. १८४४ मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला ठार मारलं. मग ब्रिगॅम यंगच्या मागे हजारो माणसं बैलगाड्या घेऊन पश्चिमेला निघाली. पहिला तांडा जुलै १८४७ मध्ये आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. कोरड्या मुलखात पाट खणायचे, शाळा बांधायच्या, विधवांना सांभाळायचं, हे सगळं त्यांनाच करावं लागलं. आपलं आपणच करायचं ही त्यांची सवय तिथे पक्की झाली. आज या चर्चचे जगभर १ कोटी ७० लाखांहून अधिक सदस्य आहेत. ‘मॉर्मन’ न म्हणता चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स असं पूर्ण नाव वापरावं, अशी विनंती चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी २०१८ मध्ये केली. आपल्याकडे रुळलेला शब्द मॉर्मन असल्याने इथे तोच ठेवला आहे.

आठवडा सुरू होतो रविवारी. कुठल्या चर्चमध्ये जायचं हे माणूस आवडीनिवडीनुसार ठरवत नाही, ते त्याच्या पत्त्यावरून ठरतं. प्रत्येक वस्तीच्या हद्दी आखलेल्या असतात, त्या वस्तीला वॉर्ड म्हणतात आणि वॉर्डमधले सगळे एकाच ठिकाणी जमतात. वकील, प्लंबर, नवी सून, एकटी राहणारी आजी, सगळे एका बाकावर. २०१९ पासून ही सभा दोन तासांची झाली, आधी ती तीन तासांची होती.

सभेचा गाभा म्हणजे पाव आणि पाणी. पुढच्या टेबलावर पांढरं कापड अंथरलेलं असतं. सोळा-सतरा वर्षांची दोन मुलं पावाच्या स्लाइस हाताने तोडून ताटल्यांत भरतात. मग त्यांच्यातला एक गुडघे टेकून ठरलेली प्रार्थना वाचतो. तिचे शब्द ग्रंथातले, त्यात काना-मात्रेचा फरक चालत नाही. जवळ बसलेला बिशप, म्हणजे वॉर्डचा प्रमुख, लक्ष देऊन ऐकतो आणि शब्द चुकला तर खूण करतो. मुलगा पुन्हा पहिल्यापासून वाचतो. कुणी हसत नाही, कुणाला घाई नसते. मग पांढरा शर्ट आणि टाय घातलेली बारा-तेरा वर्षांची मुलं ताटल्या घेऊन रांगारांगांतून फिरतात. आधी पाव, नंतर घोटभर पाण्याचे इवलेसे पेले. इतर ख्रिस्ती पंथांत इथे द्राक्षरस किंवा वाइन असते, मॉर्मन पाणी घेतात. तो घास घेणं म्हणजे ख्रिस्ताची आठवण ठेवीन, त्याच्या आज्ञा पाळीन, या वचनाची उजळणी. वचन वर्षातून एकदा सणावाराला दिलेलं नसतं, ते दर आठवड्याला नवं होतं.

त्यानंतर प्रवचन असतं, पण ते करायला पगारी धर्मगुरू नसतो. कॉलेजातली मुलगी, निवृत्त इलेक्ट्रिशियन, तीन मुलांची आई, अशांना आधी कळवून ठेवलेलं असतं. ते उठतात आणि दहा-पंधरा मिनिटं बोलतात. स्वतः बिशपसुद्धा दातांचा डॉक्टर किंवा शाळामास्तर असतो. तो कुठल्या धर्मपीठात शिकलेला नसतो. साधारण पाच वर्षं हे काम विनामोबदला करतो आणि मग पुन्हा सगळ्यांसारखा बाकावर येऊन बसतो.

मॉर्मन जीवनशैली टिकण्याचं खरं कारण मला इथे दिसतं. वॉर्डमधल्या जवळजवळ प्रत्येकाकडे एक जबाबदारी असते. कुणी आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग घेतं, कुणी पियानो वाजवतं, कुणी हिशेब ठेवतं. शनिवारी सभागृह झाडायला आणि बाकं पुसायलाही सदस्यच येतात. काम आपण मागून घ्यायचं नसतं, ते सांगून येतं. रविवारी सभेत नाव वाचलं जातं आणि संमती म्हणून सगळे उजवा हात वर करतात. शिवाय प्रत्येकाला दोन-चार घरं नेमून दिलेली असतात, त्यांची विचारपूस त्याने करायची. बाळंतीण घरी आली की पुढचे काही दिवस कोण कधी जेवण पोचवणार याची यादी फिरते. हे काम रिलीफ सोसायटीच्या बायका बघतात. ही स्त्रियांची संघटना १८४२ मध्ये सुरू झाली आणि जगातल्या सर्वांत जुन्या स्त्री-संघटनांमध्ये ती मोडते. ज्या माणसाला रविवारी पोरांना प्रामाणिकपणा शिकवायचा असतो, त्याला सोमवारी दुकानात खोटं बिल करताना हात आखडावा लागतो. नुसत्या उपदेशाने हे साधलं नसतं.

महिन्याचा पहिला रविवार बहुधा उपासाचा. सलग दोन जेवणं सोडायची, पाणीही प्यायचं नाही. त्या जेवणांचे वाचलेले पैसे, जमलं तर त्याहून जास्त, गरजूंसाठी द्यायचे. वॉर्डमध्ये कुणाची नोकरी गेली, कुणाचं भाडं थकलं, तर बिशप या पैशांतून मदत करतो. लागेल तसं धान्य आणि डबाबंद अन्न चर्चच्या कोठारातून मिळतं. १९३० च्या दशकातल्या मंदीत, १९३६ मध्ये, ही योजना उभी राहिली. मदत घेणाऱ्याला जमेल ते काम करायला सांगतात, म्हणजे त्याला मिंधेपणा वाटत नाही. घरोघरीही अडीअडचणीसाठी गहू, तांदूळ, पाणी साठवून ठेवावं आणि कर्ज शक्यतो टाळावं, असं सांगितलं जातं.

उपासाचं दान वेगळं आणि दशांश वेगळा. मिळकतीचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचा, ही शिकवण १८३८ पासूनची आहे. पगाराच्या कागदावरची रक्कम धरायची की हातात पडणारी, हे चर्च सांगत नाही. ज्याने त्याने देवाला स्मरून ठरवायचं. वर्षअखेरीस कुटुंब बिशपसमोर बसतं, वर्षभराची पावती पाहतं आणि दशांश पूर्ण दिला की नाही हे आपल्या तोंडाने सांगतं. पगाराची स्लिप कुणी मागत नाही.

आता खाण्यापिण्याकडे वळू. १८३३ मध्ये ओहायोतल्या कर्टलंडला जोसेफ स्मिथने आरोग्याविषयी एक उपदेश दिला. त्याला ‘वर्ड ऑफ विझ्डम’ म्हणतात. दारू नको, तंबाखू नको, गरम पेयं नकोत. गरम पेयं म्हणजे चहा आणि कॉफी, असा अर्थ चर्चने ठरवला. त्यामुळे बर्फ घातलेली कॉफीही चालत नाही, पण गरम चॉकलेट आणि गरम सूप चालतं. ग्रीन टी चालत नाही. कोलाला मनाई नाही, म्हणून युटात गावोगावी सोड्याची दुकानं जोरात चालतात. आल्याचा किंवा तुळशीचा काढा, नुसता गवती चहा, हे वर्ज्य नाही. त्यात चहाची पूड पडली की वर्ज्य. त्याच उपदेशात फळं, भाज्या आणि धान्य यांची स्तुती आहे आणि मांस बेताने खावं असंही म्हटलं आहे. मांसाविषयीच्या ओळीकडे बरेच सदस्य काणाडोळा करतात, कारण त्याबद्दल कुणी विचारत नाही.

सोमवारची संध्याकाळ घराची. त्या दिवशी चर्चचे कार्यक्रम ठेवत नाहीत. आईवडील आणि मुलं एकत्र बसतात, एखादं गाणं म्हणतात, ग्रंथातला उतारा वाचतात, खेळ खेळतात, काहीतरी गोड खातात. या प्रथेला १९१५ मध्ये सुरुवात झाली. हायस्कूलच्या मुलांचा आणखी एक नेम असतो: चार वर्षं रोज धर्मग्रंथाचा वर्ग. युटात तो शाळेच्या वेळेतच शेजारच्या इमारतीत भरतो. जिथे मॉर्मन थोडे असतात, तिथे तो शाळेआधी, पहाटे सहाच्या सुमारास एखाद्याच्या घरी भरतो. सोळा वर्षांआधी जोडी जमवायची नाही, लग्नाआधी शरीरसंबंध नाही, अश्लील काही पाहायचं नाही, हेही मुलांना माहीत असतं. २०२२ मध्ये तरुणांसाठीची पुस्तिका बदलली. जुन्या पुस्तिकेत कपडे, गाणी, नाच यांचे बारीकसारीक नियम होते. नव्या पुस्तिकेत तत्त्वं सांगून निर्णय मुलांवर सोडला आहे. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो.

अठरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांसाठी धर्मप्रचाराला जातो. मुली दीड वर्षासाठी जातात. कुठे जायचं ते चर्च कळवतं, खर्च घरचा. तिथे सिनेमा नाही, प्रेमप्रकरण नाही आणि सोबत्याला एकटं सोडायचं नाही. २०१९ पासून घरी दर आठवड्याला फोन करायची मुभा मिळाली. त्याआधी वर्षातून दोनदाच घरचा आवाज ऐकायला मिळे. या प्रचारकांची महाराष्ट्राशीही जुनी ओळख आहे. ह्यू फिंडले हा स्कॉटिश प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला, पुण्यातही त्याने थोडे अनुयायी जमवले. पुढे प्रचारक परत गेले आणि ते काम विरलं.

सगळ्या नियमांची गाठ पडते ती मंदिराच्या दारात. रविवारचं सभागृह कुणालाही खुलं असतं, मंदिर तसं नसतं. तिथे जायला परवाना लागतो. तो दोन वर्षं चालतो आणि त्यासाठी आधी बिशपची मुलाखत, नंतर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याची. प्रश्न जगभर सारखेच असतात आणि २०१९ मध्ये ते जाहीर सभेत वाचूनही दाखवले गेले. देवावर श्रद्धा आहे का, दशांश पूर्ण देता का, वर्ड ऑफ विझ्डम पाळता का, सगळ्या व्यवहारात प्रामाणिक राहण्याचा प्रयत्न करता का. उत्तर बहुतेक वेळा हो किंवा नाही एवढंच. चौकशी नाही, साक्षीदार नाही. मंदिरात गेलेले सदस्य त्यानंतर कपड्यांच्या आत एक साधं पांढरं अंतर्वस्त्र घालतात. गळ्यातली तुळशीची माळ वारकऱ्याला जशी घेतलेल्या नेमाची आठवण देते, तसंच याचं काम. मंदिरात पतिपत्नी मृत्यूनंतरही एकत्र राहतील असा विवाहविधी होतो, आणि वारलेल्या पूर्वजांसाठीही विधी होतात. त्यासाठी पूर्वजांची नावं हवीत, म्हणून चर्चने जगभरच्या वंशावळी गोळा केल्या. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही त्यांनी मायक्रोफिल्म केली आहे. हा संग्रह ‘फॅमिलीसर्च’वर कोणत्याही धर्माच्या माणसाला फुकट पाहता येतो.

या व्यवस्थेची किंमतही मोठी आहे, ती झाकून चालणार नाही. कृष्णवर्णीय पुरुषांना १९७८ पर्यंत पौरोहित्य मिळत नव्हतं. स्त्रियांना ते आजही मिळत नाही, त्यामुळे बिशपच्या खुर्चीत बाई बसू शकत नाही. समलिंगी संबंध चर्चला मान्य नाहीत आणि त्यापायी कित्येक तरुण घरापासून तुटतात. परवाना नसलेल्या आईबापांना पोटच्या मुलीचा मंदिरातला विवाह पाहता येत नाही, ते बाहेर थांबतात. पूर्वी अमेरिकेत आधी साधं लग्न केलं तर मंदिरातल्या विधीसाठी वर्षभर थांबावं लागे. ती अट २०१९ मध्ये काढली, तेव्हा अनेक घरांतलं हे दुखणं थोडं हलकं झालं. जिथे सगळा शेजार एकाच वॉर्डचा असतो, तिथे विश्वास उडालेल्या माणसाची मित्रमंडळीही एका दिवसात जातात. आधार आणि दडपण एकाच घडणीतून येतात, आणि हा प्रश्न चर्चने अजून सोडवलेला नाही असं माझं मत आहे.

भारतात हे चर्च लहान आहे. बंगळुरूला मंदिर बांधण्याची घोषणा २०१८ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथे भूमिपूजन झालं. कामानिमित्त युटाला गेलेल्या मराठी मंडळींचा मात्र या लोकांशी रोजचा संबंध येतो. शेजारी मॉर्मन असेल तर त्याला जेवायला बोलवा, तो आनंदाने येईल. फक्त महिन्याचा पहिला रविवार टाळा. आणि आल्यावर चहाचा आग्रह करू नका. त्याच्यापुढे कोकम सरबत किंवा पन्हं ठेवा, ते तो निर्धास्त पिईल.