उरलेला चौथा हंडा

आमच्या उंबरमाळीच्या घरी मे महिन्यात पाणी एकदाच वापरून फेकून देणे म्हणजे गुन्हाच. तांदूळ धुतलेले पाणी गाईला, भांडी विसळलेले कारल्याच्या वेलाला. विहिरीचा तळ दिसू लागला की आई हंड्या-हंड्याचा हिशेब ठेवते. आणि याच आमच्या शहापूर तालुक्यातून, तानसा धरणातून १८९२ पासून व पुढे भातसा धरणातूनही, मुंबईला पाणी जाते! म्हणूनच मुंबईत एक कारखाना वापरलेले पाणी पुन्हा वापरतो हे कळले, तेव्हा माझ्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थिनीलाही ते कसे, हे समजून घ्यावेसे वाटले.

ट्रॉम्बेचा राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स हा खत कारखाना शहराचे सांडपाणी घेतो. त्यातील घाण आधी जिवाणूंकडून खाऊन घेतली जाते. मग ते पाणी गाळून एका पातळ पटलातून दाबाने ढकलतात. पलीकडे येणारे स्वच्छ पाणी कारखान्यात वापरले जाते.

या पटलाचे रहस्य लोणच्याच्या बरणीत आहे. कैरीच्या फोडींना मीठ चोळले की पाणी सुटते, कारण पेशींच्या पडद्यातून पाणी खारट बाजूकडे ओढले जाते. हे परासरण. खारट बाजूवरच पुरेसा दाब दिला तर पाणी उलट फिरते आणि मीठ मागे राहते. फ्रान्सच्या नोले यांनी १७४८ साली डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्यावर परासरण पाहिले होते. पण दाब सोसून भरपूर पाणी देणारे कृत्रिम पटल व्हायला दोनशे वर्षे गेली. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात लोएब आणि सौरीराजन यांनी ते केले. यातील सौरीराजन आपल्या भारतात जन्मलेले, हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला. आजच्या पटलाचा खरा काम करणारा थर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो.

हे सगळे मी आईला उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "चार हंडे घातले, तीन चांगले निघाले. मग त्या राहिलेल्या एका हंड्याचं काय करतात?"

प्रश्न अगदी वर्मावरचा होता. पटल घाण नाहीशी करत नाही, नुसती वेगळी काढते. लिटरला ५ ग्रॅम क्षार असलेले चार लिटर पाणी घेऊन तीन लिटर शुद्ध काढले, तर उरलेल्या लिटरात २० ग्रॅम क्षार साठतात. पाणी जितके दाट, तितका दाब अधिक. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्याला नुसते थोपवायलाच हवेच्या दाबाच्या सत्तावीसपट दाब लागतो, आणि गोडे पाणी काढायला त्याच्या दुप्पट किंवा अधिक. शिवाय दाट पाण्यातले क्षार पटलावर खपलीसारखे बसतात. पुढे केव्हातरी पटल हात टेकते आणि पाणी आटवावे लागते. बासुंदी आटवणाऱ्याला विचारा, जळण किती जाते ते! हजार लिटर पाण्याची साधी वाफ करायला सहाशेहून अधिक युनिट वीज लागेल. समुद्राच्या पाण्यातून तितकेच गोडे पाणी पटलाने काढायला तीन-चार युनिट पुरतात. वाफेची उष्णता पुन्हापुन्हा वापरून हा खर्च बराच खाली आणतात, तरी तो जड असतोच. म्हणून आटवायचे पाणी आधी पटलाने होईल तितके कमी करून घेतात.

तमिळनाडूतील तिरुप्पूरला हे सक्तीने शिकावे लागले. सुती कापड रंगवायला मीठ फार लागते, आणि ते खारे रंगीत पाणी नोय्यल नदीत जाई. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगकाम करणारे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची व्यवस्था करणाऱ्यांनाच पुन्हा काम सुरू करता आले. तिथे पटलातून निघालेले पाणी परत रंगाच्या हौदात जाते, उरलेले आटवतात. त्यातून चांगले निघालेले मीठ पुन्हा रंगवायला वापरतात. जे भेसळीचे असते ते मात्र ओल लागू न देता साठवून ठेवावे लागते.