पत्रव्यवहाराचे दुसरे टोक

२००१ सालच्या जुलै महिन्यात, २० तारखेस, तिरुअनंतपुरम येथे रिचर्ड स्टॉलमन यांच्या हस्ते ‘फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया’ या संस्थेचे उद्घाटन झाले, तेव्हा तो विचार ज्यांनी मनापासून स्वीकारला त्या आमच्या पिढीच्या लोकांची अशी दृढ समजूत होती की, संगणकाच्या बाबतीत तत्त्वाने वागणे ही ज्याच्या त्याच्या मेजापुरती गोष्ट आहे. आज्ञावली वाटेल त्या कामासाठी चालविण्याची, तिचे अंतरंग अभ्यासून ते बदलण्याची, तिच्या प्रती शेजाऱ्यास देण्याची आणि आपण केलेली सुधारणा चारचौघांपुढे ठेवण्याची मुभा प्रत्येक वापरणाऱ्यास असावी, हे स्टॉलमन यांनी १९८३ पासून चालविलेल्या चळवळीचे सार. आणि ही मुभा नाकारणाऱ्या आज्ञावलीस आपल्या यंत्रात थारा द्यावयाचा नाही, असा निश्चय करण्यास कोणाची परवानगी लागत नसे. निश्चयाचे मोल अर्थातच द्यावे लागे. लिनक्स बसविल्यावर प्रिंटर चालत नसे, मोडेम ओळखला जात नसे, आणि मराठी मजकुराची तर दैना होई. जोडाक्षरे फुटत, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसत. पुढे इंडलिनक्ससारख्या प्रकल्पांनी आणि पुण्यात रेड हॅटच्या कचेरीत स्थानिकीकरणाचे काम करणाऱ्या मंडळींनी देवनागरीची घडी बसविली, ‘लोहित’ टंक मुक्त परवान्यावर सर्वांस मिळाला, आणि मराठी माणसास मुक्त यंत्रावर मराठीत लिहिणे सुकर झाले. तोवर जी गैरसोय झाली ती आम्ही आनंदाने सोसली, कारण ती आमची आम्हीच सोसत होतो. तिचा उपसर्ग दुसऱ्या कोणासही होत नव्हता.

निरोपांच्या देवाणघेवाणीतही त्या काळी पेच म्हणण्याजोगे काही नव्हते. ईमेलचे नियम १९८२ सालापासून जाहीर दस्तऐवजात नमूद होते आणि ते कोणाच्याही मालकीचे नसल्यामुळे, पुण्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या सर्व्हरवरून निघालेले पत्र जगातील कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरने बिनतक्रार स्वीकारावे, हे सर्वांनी गृहीतच धरलेले होते. तत्काळ गप्पांच्या क्षेत्रात आयसीक्यू, याहू आदींची आपापली बंदिस्त आवारे होती खरी. परंतु जेरेमी मिलर यांनी १९९९ साली जॅबर ही खुली पद्धती पुढे आणली, आणि इंटरनेटची मानके ठरविणाऱ्या मंडळाने २००४ साली तिला एक्सएमपीपी या नावाने रीतसर मान्यता दिली. तिचे मर्म असे की, पत्ता ईमेलसारखाच असावा, सर्व्हर कोणीही चालवावा, आणि एका सर्व्हरवरील माणसाने दुसऱ्या सर्व्हरवरील माणसाशी विनाअडथळा बोलावे. २००५ च्या ऑगस्टमध्ये गूगलने आपली ‘टॉक’ ही सेवा याच पायावर उभारली आणि २००६ च्या जानेवारीत तिचे दार इतर सर्व्हरांसाठी उघडले, तेव्हा आमच्यासारख्यांच्या आनंदास पारावार राहिला नाही. मी मित्रांच्या लहानशा सर्व्हरवर, मुक्त आज्ञावलीतून, माझ्या बहिणीशी बोलत असे. ती जीमेलच्या पानावरून उत्तर देत असे. आणि मी निराळ्या ठिकाणी आहे याची जाणीव तिला होण्याचे कारणच नव्हते. तत्त्व आणि सोय यांचे असे निर्विघ्न साहचर्य त्यापूर्वी मी पाहिले नव्हते, पुढेही पाहावयास मिळालेले नाही, आणि म्हणूनच त्या सात-आठ वर्षांबद्दल लिहिताना माझी लेखणी रेंगाळते.

२०१३ च्या मे महिन्यात गूगलने ‘हँगआउट्स’ आणून ते दार लावून घेण्यास आरंभ केला. त्याच वर्षीच्या जुलैत भारतातील तारसेवा बंद झाली. तारेला वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरून निरोप दिला. हे दुसरे दार बंद झाल्याची वार्ता मात्र ज्यांची पत्रे परत फिरली त्यांनाच लागली. आम्हांस जे लाभले होते ते एका कंपनीच्या मर्जीवर लाभले होते. त्याला ना कायद्याचा आधार होता, ना करारनाम्याचा. मुक्त आज्ञावलीचा परवाना एकदा दिला की त्या आवृत्तीपुरता तो मागे घेता येत नाही, याची सवय जडलेल्या माणसांनी खुल्या सेवेलाही तीच शाश्वती बहाल केली होती. आज्ञावली ही वस्तू आहे, ती आपल्या घरात राहते. सेवा हा व्यवहार आहे, आणि व्यवहार दुसऱ्या पक्षाला केव्हाही मोडता येतो.

त्याच सुमारास व्हॉट्सॲपचा प्रसार झाला. जॅन कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनी २००९ साली काढलेली ही कंपनी फेसबुकने २०१४ च्या फेब्रुवारीत एकोणीस अब्ज डॉलरच्या व्यवहारात घेण्याचे जाहीर केले, तोवर आपल्याकडील भिशी, भजनी मंडळ, शाळेचे माजी विद्यार्थी आणि गृहनिर्माण संस्था यांचे ग्रुप सिद्ध झालेले होते. तिच्या सर्व्हरची मूळ बांधणी ईजॅबर्ड या मुक्त आज्ञावलीवर झाली होती आणि तिची भाषाही एक्सएमपीपीचेच फेरफार केलेले रूप होते. म्हणजे जी पद्धती सर्वांसाठी खुली राहावी म्हणून निर्माण झाली, तीच आत घेऊन बाहेरचे दार मात्र लावून टाकले गेले. तरीही लोक तिकडे गेले ते भुलून गेले, असे म्हणणे लोकांवर अन्याय करणारे ठरेल. फोन नंबर हाच पत्ता झाल्यामुळे ज्यांना ईमेलचा पत्ता कधी नव्हता आणि परवलीचा शब्द लक्षात ठेवणे ज्यांच्या आवाक्याबाहेरचे होते, त्यांचाही या व्यवहारात प्रथमच प्रवेश झाला. माझ्या आत्यांची दृष्टी मंदावली आहे. त्यांना अक्षरे दिसत नाहीत, परंतु एक बटण दाबून धरून त्या आपल्या आवाजात निरोप धाडतात, आणि त्यात आधी सर्वांची नावे घेऊन क्षेमकुशल विचारतात. आमच्या मुक्त आज्ञावलींपैकी एकीनेही त्या काळी त्यांच्यासाठी इतके केले नव्हते. २०१६ च्या एप्रिलमध्ये तर, मुक्त आज्ञावलीच्याच परंपरेत घडलेली सिग्नलची गुप्तलेखन पद्धती स्वीकारून, या कंपनीने निरोपाचा मजकूर स्वतःलाही वाचता येऊ नये अशी तजवीज केली. हा लोकोपयोग मोठा होता, आणि तो मान्य केल्याने आमच्या तत्त्वास बाध येत नाही.

बाध येतो तो निराळ्या ठिकाणी. आमच्यापैकी पुष्कळांनी या ॲपपासून दूर राहण्याचा निश्चय केला आणि तो वर्षानुवर्षे पाळला. त्यांच्या निष्ठेविषयी माझ्या मनात आदर आहे. परंतु त्यांची दिनचर्या जवळून पाहिली असता असे दिसते की, पाणी केव्हा येणार, शाळेला सुटी आहे काय, गावाकडे कोणाचे बरेवाईट झाले, ही वार्ता त्यांस अखेर व्हॉट्सॲपवरूनच मिळते. फक्त ती त्यांची पत्नी, शेजारी किंवा कचेरीतील सहकारी वाचतो आणि त्यांस सांगतो. म्हणजे एकाच्या अलिप्ततेसाठी दुसऱ्याने दोन माणसांचे निरोप वाहावयाचे. शिवाय ज्याने हे ॲप कधी घेतलेच नाही त्याचा नंबर इतरांच्या नोंदवहीतून कंपनीच्या सर्व्हरवर जातोच. २०२१ च्या सप्टेंबरात आयर्लंडच्या नियामकाने व्हॉट्सॲपला साडेबावीस कोटी युरोंचा दंड केला, त्या निर्णयात ॲप न वापरणाऱ्यांच्या माहितीचाही विचार झालेला आहे. मेजावरच्या तत्त्वाची झीज आपली आपण सोसत होतो. पत्रव्यवहारास दुसरे टोक असते, आणि तत्त्वाचा भार नकळत त्या टोकावर जाऊन पडतो. माझ्या निश्चयाचे मोल दुसऱ्या कोणी द्यावे हे मला रास्त वाटत नाही, आणि माझ्या यंत्रावर व्हॉट्सॲप आले ते या एकाच कारणास्तव.

२०२१ च्या जानेवारीत नव्या गोपनीयता धोरणाची सूचना प्रत्येकाच्या पडद्यावर झळकली आणि ८ फेब्रुवारीपर्यंत ते स्वीकारण्याची मुदत घातली गेली, तेव्हा आम्ही दशकभर जे सांगत होतो ते लोकांनी स्वतःहून विचारावयास सुरुवात केली. मुदत पुढे १५ मेपर्यंत वाढली. दरम्यान नातलगांनी, मित्रांनी सिग्नल घेतले. कुटुंबाचा ग्रुप तिकडे हलविण्याचा ठराव झाला. आणि काही आठवड्यांनी, एकही शब्द न बोलता, मंडळी परतली. याचा दोष मी कोणास देत नाही. ग्रुपातील दहापैकी नऊजण गेले तरी दहाव्यासाठी जुने ठिकाण चालू ठेवावे लागते, आणि एकदा ते चालू राहिले की नवे ओस पडते. सिग्नलची आज्ञावली मुक्त आहे, ती चालविणारी संस्था नफ्यासाठी नाही, आणि मी ते आजही आवडीने वापरतो. परंतु त्याचे सर्व्हरही एकाच संस्थेच्या हाती आहेत आणि इतरांस तेथून प्रवेश नाही. सिग्नलचे प्रवर्तक मॉक्सी मार्लिन्स्पाइक यांनी २०१६ साली असे प्रतिपादन केले होते की, अनेकांच्या हाती विखुरलेल्या पद्धतीत सुधारणा वेगाने होऊ शकत नाहीत. युक्तिवाद बळकट आहे. एक्सएमपीपीची मंदगती पाहिलेल्या माणसास तो नाकारता येणार नाही. तथापि तो मान्य केल्यास, चांगल्या मालकाच्या हाती राहणे एवढीच मोकळीक शिल्लक राहते. विखुरलेल्या पद्धतीस आपल्या शासनानेही बळ दिले नाही. २०२३ च्या मे महिन्यात काश्मीरमधील दहशतवादाचे कारण देऊन चौदा ॲप बंद करण्यात आली, त्यांत एलिमेंट आणि ब्रायर या दोन मुक्त आज्ञावलींचा समावेश होता. २०२५ च्या शरद ऋतूत स्वदेशीच्या आवाहनानंतर झोहो कंपनीच्या ‘अराट्टै’कडे लोक लोटले, त्यात त्या वेळी लेखी निरोपांस आद्यन्त गुप्तलेखन नव्हते, आणि आवार पुन्हा एकाच मालकाचे.

टाळेबंदीने मात्र या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. शाळांचे वर्ग व्हॉट्सॲपवर भरले. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ हा सरावाचा उपक्रम त्याच मार्गाने मुलांपर्यंत नेला. संकटकाळी हाताशी असलेले साधन वापरणे हे कर्तव्यच होते. पण संकट सरल्यावरही मार्ग तोच राहिला: २०२२ च्या जानेवारीत मुंबई महानगरपालिकेने आपल्या सेवा व्हॉट्सॲपवर उपलब्ध केल्या, पुणे मेट्रोचे तिकीट तेथे मिळू लागले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ‘आपले सरकार’च्या सेवा याच ॲपवरून देण्यासाठी राज्य शासनाने मेटा (पूर्वीची फेसबुक) कंपनीशी सामंजस्य करार केला. नागरिकाने सरकारदरबारी अर्ज गुदरावयाचा तर त्याने आधी एका परदेशी खासगी कंपनीच्या अटी मान्य कराव्यात, असे वळण आता पडत आहे. माझा सर्वांत तीव्र आक्षेप या ठिकाणी आहे. माझ्या बहिणीने कोठे बोलावे हे मी ठरवू शकत नाही, ठरवूही नये. सरकारने मात्र एकाच्या मक्त्याखालील वाट नागरिकापुढे मुख्य वाट म्हणून ठेवू नये, असे म्हणण्याचा मला अधिकार आहे.

टपालाच्या बाबतीत हा प्रश्न जगाने फार पूर्वी सोडविला होता. १८७४ साली बर्न येथे झालेल्या तहाने असे ठरले की, एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाच्या टपालखात्याने पोचते करावे. हिंदुस्थान त्यात १८७६ साली सामील झाला. त्यानंतर लंडनच्या माणसाशी पत्रव्यवहार करण्यासाठी मुंबईच्या माणसास लंडनच्या टपालखात्याचे खातेदार व्हावे लागले नाही. निरोपांच्या बाबतीत असा पहिला प्रयत्न युरोपीय संघाने केला आहे: २०२२ साली संमत झालेल्या डिजिटल मार्केट्स कायद्यान्वये २०२४ च्या मार्चपासून व्हॉट्सॲप आणि मेसेंजर यांस, दुसऱ्या सेवेने रीतसर मागणी केल्यास, परस्पर देवाणघेवाण करू द्यावी लागते. सिग्नलने गोपनीयतेच्या कारणास्तव त्यात सहभागी होण्यास नकार दिला, त्यामुळे फळ अद्याप अल्प आहे. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरात, २०२१ च्या त्या धोरणाबद्दल, मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. परंतु दार उघडण्याचे बंधन घालणारा कायदा आपल्याकडे नाही. तो व्हावा, आणि तो झाल्यावाचून आमच्या तत्त्वाचा निभाव लागणार नाही, असे माझे मत या पंचवीस वर्षांत बनले आहे.

तोवर जे हातात आहे ते केले पाहिजे. माझा एक्सएमपीपीचा पत्ता चालू आहे. जुने मित्र तेथे बोलतात आणि आमचा सर्व्हर आम्ही वर्गणीतून चालवितो. आत्यांच्या निरोपास मी व्हॉट्सॲपवर माझ्या आवाजात उत्तर देतो. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या गेल्या वार्षिक सभेत मी असा ठराव मांडला की, सूचना, हिशेब आणि इतिवृत्ते केवळ ग्रुपवर न टाकता ईमेलनेही धाडावीत आणि सूचनाफलकावर लावावीत. चर्चा बरीच झाली. चिटणीसांनी, हे दुप्पट काम करावयाचे कोणी, अशी रास्त शंका काढली. ते काम मी अंगावर घेतल्यावर ठराव संमत झाला. पत्त्यांची यादी आता पुरी झाली आहे, आणि ज्या घरांत ईमेल वापरणारे कोणी नाही तेथे छापील प्रत मी स्वतः नेऊन देतो.