चैत्रातला प्याला मोहफुलाचा

जळगाव-धुळ्याच्या मैदानात वसंत फार दिवस मुक्काम करत नाही. होळी पेटते आणि बघता बघता भुसावळचा पारा चाळिशीला टेकतो. दुपारी बाजारपेठा ओस पडतात, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज तेवढा ऐकू येतो. पण नेमक्या याच दिवसांत उत्तरेच्या सातपुड्यात, रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांच्या माथ्यावर, मोह फुललेला असतो. वसंतात प्यायच्या, फुलांचा वास असलेल्या, जिनच्या हलक्या पेयाची गोष्ट खानदेशात करायची असेल तर ती या फुलापासून सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

जिनमध्ये फुलांचा अर्क मिसळायची रीत पाश्चात्त्य देशांत जुनी आहे. न्यूयॉर्कमधल्या ह्युगो एन्सलिन या बारमनने १९१६ साली पेयांच्या कृतींचं पुस्तक काढलं. त्यातलं ‘एव्हिएशन’ हे पेय जिन, लिंबू, चेरीपासून केलेलं मद्य आणि व्हायोलेटच्या फुलांचं गोड मद्य यांचं. अलीकडे एल्डरच्या पांढऱ्या फुलांचा पाक आणि मद्य यांचा बोलबाला आहे. मुंबई-पुण्याच्या बारमध्ये या बाटल्या ओळीने मांडलेल्या दिसतात आणि आपली हौशी मंडळी घरीही त्या विकत आणतात. एल्डर हे थंड हवेचं झुडूप, ते फुलतं मे-जूनमध्ये. आपल्या चैत्राशी त्याचा काही संबंध नाही. दारच्या डोंगरात फुलांचा सडा पडत असताना परदेशी फुलाच्या बाटलीला हजारो रुपये मोजावेत, हे मला पटत नाही.

मोह पहाटे गळतो. पानझड होऊन झाड जवळजवळ उघडं झालेलं असतं, फांद्यांच्या टोकांना तपकिरी, मखमली कळ्यांचे झुबके लोंबत असतात आणि त्यांतून पिवळट पांढरी, गरदार फुलं टपटप खाली येतात. उजाडायच्या आत बायका-मुलं टोपल्या घेऊन झाडाखाली हजर असतात, कारण उशीर झाला की गुरं आणि हरणं ती फस्त करतात, अस्वलाचा तर हा आवडता खाऊ. ताजं फूल बोटांत धरलं की रसाने चिकट लागतं. दाताखाली फोडलं तर आधी गोडी, मागून उग्र, थोडासा कस्तुरीसारखा वास नाकात चढतो. या वासात 2-अ‍ॅसिटिल-1-पायरोलिन नावाचं एक द्रव्य असतं. बासमती शिजताना घरभर जो सुगंध पसरतो त्याच्या मुळाशी हेच द्रव्य आहे. वाळवल्यावर हा वास फिका पडतो, फूल आक्रसून लालसर तपकिरी होतं आणि त्याची चव मनुकांच्या अंगाने जाते. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. म्हणूनच त्याची दारू होते, आणि म्हणूनच ते दुष्काळात माणसांना जगवणारं अन्नही होतं. भाकरीत, भाजीत, लाडवात मोहफूल घालणारी घरं सातपुड्यात आजही आहेत.

या फुलावर सरकारची नजर पडली ती महसुलासाठी. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावच्या भट्ट्या बंद करून दारूचा धंदा मक्तेदारांच्या हाती दिला. १८९२ साली तर खास मोहफुलांसाठी कायदा झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुलं साठवण्यावर आणि विकण्यावर त्याने बंधनं आणली. आदिवासीला स्वतःच्या झाडाच्या फुलासाठी परवाना लागू लागला आणि दारू मात्र मक्तेदाराच्या दुकानातून चढ्या भावाने घ्यावी लागली. त्या दारूपायी जमिनी गेल्या, हे विसरून मोहाचं कौतुक करणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी दारू सोडायची हाक दिली आणि भिल्ल समाजातली हजारो माणसं त्यांच्यामागे उभी राहिली. त्यामागे कर्जाचा आणि लुबाडणुकीचा हा सगळा अनुभव होता. तेव्हा नंदुरबारचा हा भाग पश्चिम खानदेशात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ला तो वेगळा जिल्हा झाला.

स्वातंत्र्यानंतर १९४९च्या दारूबंदी कायद्याखालीही मोहफुलांवर निर्बंध राहिले. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला, आणि २०२१ साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची आणि त्यांच्या वाहतुकीवरची बंधनं उठवली. नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर जिल्ह्यात आदिवासी महिलांचा बचत गट आता परवान्याने मोहाचं मद्य गाळून ‘मोंड’ या नावाने बाटलीत विकतो. आपल्या बाजूला हे का होऊ नये, असा प्रश्न मला पडतो.

आता प्रत्यक्ष प्याल्याकडे वळू. जिन म्हणजे धान्याच्या किंवा मळीच्या शुद्ध, बेचव मद्यार्काला ज्युनिपरच्या फळांचा वास दिलेलं मद्य. ज्युनिपर हा थंड डोंगराळ प्रदेशातला, आपल्याकडे हिमालयात आढळतो. त्याच्या जोडीला सर्वांत महत्त्वाचा मसाला धने, मग लिंबू-संत्र्याच्या साली आणि काही मुळं. २०१७ नंतर गोव्यात चांगल्या देशी जिन तयार होऊ लागल्या आहेत, त्यामुळे परदेशी बाटलीचा हट्ट धरायचं कारण उरलेलं नाही. मोहासाठी साधी ‘ड्राय’ जिन घ्यावी. गुलाबी किंवा फळांच्या स्वादाची घेऊ नये. मोहाची गोडी जड असते, तिला ज्युनिपरचा राळेसारखा कडसर वास आणि धन्याचा तिखटपणा आवरून धरतो. व्होडकात हीच गोडी बसकी लागते, रममध्ये ती हरवते.

आधी पाक. पन्नास ग्रॅम वाळलेली फुलं दोन-तीन पाण्यांतून धुवावीत, कारण ती जमिनीवरून वेचलेली असतात आणि त्यांत माती असतेच. आतली केसरं काढून टाकावीत, ती घशाला बरी लागत नाहीत. पाव लिटर पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं उकळून, झाकून थंड होऊ द्यावीत, पातळ फडक्यातून गाळावीत. फुलं पिळू नयेत, पिळली की पाक गढूळ होतो. या पाण्यात शंभर ते सव्वाशे ग्रॅम साखर विरघळवली की पुरे. ताजी फुलं मिळाली तर मात्र उकळायची नाहीत. साखरेचा कोमट पाक करून त्यात चार तास बुडवून ठेवायची, नाहीतर तो बासमतीचा वास वाफेबरोबर निघून जातो. पाक फ्रिजमध्येच ठेवावा आणि आठवड्यात संपवावा. मोह आंबायला टपलेला असतो. बुडबुडे दिसले की फेकून द्यावा.

झाकणाच्या बरणीत पंचेचाळीस मिली जिन, वीस मिली पाक, वीस मिली कागदी लिंबाचा रस आणि चिमटीभर मीठ घालून, भरपूर बर्फ टाकून दहा-बारा सेकंद जोरात हलवावं. उंच ग्लासात नवा बर्फ भरून त्यावर गाळावं आणि वरून शंभर मिली गार सोडा. हलकेपणा येतो तो सोड्याने आणि लिंबाने, जिन कमी केल्याने नव्हे. रंगाची हौस असेल तर पळसाच्या धुतलेल्या पाकळ्या रात्रभर पाण्यात भिजवून त्या पाण्याचे दोन चमचे घालावेत, सोनेरी छटा येते. होळीचा रंग करायला पळस आपण वापरतोच. जिन वगळून हेच लिंबू-सोड्याबरोबर केलं तरी उत्तम सरबत होतं आणि घरातल्या सगळ्यांना देता येतं.

फुलांच्या बाबतीत एक गोष्ट कडक पाळावी: हारवाल्याकडचा गुलाब किंवा मोगरा पेयात घालू नये, त्यावर कीटकनाशकं मारलेली असतात. कण्हेर आणि धोतरा तर विषारीच, शोभेलाही ग्लासात नकोत. घरी दारू गाळणं हा गुन्हा आहे, आणि हातभट्टीची बेभरवशाची दारू जिनच्या जागी वापरणं म्हणजे जिवाशी खेळ. महाराष्ट्रात जिन पिण्यासाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात आणि पिण्याचा परवानाही लागतो. एक ग्लास, फार तर दोन. त्यानंतर गाडीला हात लावायचा नाही.

हा अंक तुमच्या हाती दिवाळीत पडतो आहे. ताज्या फुलांना अजून चारेक महिने अवकाश आहे, पण वाळलेली फुलं सातपुड्याच्या पायथ्याच्या आठवडे बाजारांत आताही मिळतात. ती व्यापाऱ्याच्या गोदामातून न घेता वेचणाऱ्या बाईकडून किंवा ग्रामसभेकडून घ्या आणि भावात घासाघीस करू नका. आणि विचारून घ्या, झाडाखालचा पाला जाळून वेचलीत की जाळी बांधून? त्या पाल्याच्या आगीतूनच दर उन्हाळ्यात जंगलात वणवे पेटतात. जाळीवर पडलेलं फूल स्वच्छही असतं, त्याला चार पैसे जास्त द्या.