पदकावरचं नाव आणि पदकाचा मानकरी

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधलं सगळ्यात मानाचं वैयक्तिक पदक म्हणजे ब्राउनलो. १९२४ पासून ते मोसमातल्या सर्वोत्तम आणि स्वच्छ खेळणाऱ्या खेळाडूला मिळतं. चार्ल्स ब्राउनलो स्वतः जिलाँगकडून खेळले, कर्णधार झाले. पण त्यांचं नाव टिकलं ते नंतर अनेक वर्षं सांभाळलेल्या क्लबच्या सेक्रेटरीपदामुळं. अ‍ॅडलेडचं मगॅरी पदक त्याहून जुनं, १८९८ चं. ते देणारे विल्यम मगॅरी वकील होते आणि तिथल्या लीगचे अध्यक्ष. पर्थच्या सँडोव्हर पदकाचे (१९२१) दाते व्यापारी. तिन्ही पदकांवर नावं मैदानाबाहेरच्या माणसांची, आणि मानकरी मात्र कायम खेळाडू. या खेळात फुकट राबणाऱ्यांची कदर कशी होत आली, ते इथंच कळतं.

१८५९ मध्ये मेलबर्नला नियम लिहिले गेले तेव्हा सगळेच हौशी होते. १९११ मध्ये व्हिक्टोरियाच्या मोठ्या लीगनं खेळाडूंना पैसे द्यायला रीतसर परवानगी दिली. खाली, गावोगावच्या क्लबांत, बाकीची मंडळी बिनपगारीच राहिली, आजही आहेत.

त्यांचं काम तरी केवढं! सकाळी कोणीतरी मैदानाचं कुलूप काढतो, गोलच्या खांबांना गाद्या बांधतो. एकजण खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या गुंडाळत बसतो. दोन्ही संघांचे वेळाधिकारी शेजारीशेजारी बसून भोंगा वाजवतात. मुलांच्या सामन्यांत गोल अंपायर बहुधा कुणाचे तरी वडील किंवा आई असतात: सहा गुणांच्या गोलला दोन झेंडे, एका गुणाच्या ‘बिहाइंड’ला एक. दोन्हीकडचे गोल अंपायर मधल्या विश्रांतीत आपापली गुणांची कार्डं ताडून पाहतात. चिडलेल्या प्रेक्षकांतून अंपायरला सुखरूप आत-बाहेर नेण्याचंही एक वेगळं काम असतं. शिवाय संत्र्याच्या फोडी, सॉसेजची शेगडी, कँटीनचा गल्ला आणि सामना संपल्यावर चिखलानं माखलेल्या वीस-बावीस जर्सी. त्या कोणाच्या तरी घरी धुतल्या जातात.

याची पोच म्हणून क्लबनं दिलेली जुनी गोष्ट म्हणजे आजीव सदस्यत्व, आणि क्लबघराच्या भिंतीवरच्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत नाव. आपल्याकडच्या शाल-श्रीफळापेक्षा मला हा मान मोलाचा वाटतो, कारण तो देणाऱ्यांनी ते काम स्वतः पाहिलेलं असतं. पण फलकावर आधी चढले ते अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार. ‘लेडीज कमिटी’तल्या ज्या बायकांनी चहा-केक विकून क्लबची तिजोरी भरली, त्यांची नावं बऱ्याच ठिकाणी फार उशिरा आली.

सरकारी मान त्यानंतरचे. १९७६ पासून ‘मेडल ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ देतात, आणि त्याच्या याद्यांत गावच्या फुटबॉलसाठी झिजलेली माणसं दरवर्षी दिसतात. राष्ट्रीय स्वयंसेवक सप्ताह १९८९ पासून आहे, तोही मे महिन्यात, म्हणजे ऐन मोसमात. ऑलिंपिकच्या वर्षी, २००० साली, खास क्रीडापदकं काढली, त्यांत स्वयंसेवकही होते; लगेच पुढचं २००१ हे संयुक्त राष्ट्रांचं स्वयंसेवक वर्ष. ठीकच. मात्र राष्ट्रीय पदकासाठी कोणीतरी शिफारशीचा अर्ज भरावा लागतो. ज्या क्लबात लिहिता हात नाही, तिथल्या जर्सी धुणारीपर्यंत पदक पोचत नाही.

कौतुक वाढलं तसे कागदही वाढले. व्हिक्टोरियात २००६ पासून मुलांबरोबर काम करणाऱ्यांना सरकारी पडताळणी लागते. ती रास्तच आहे, पण ती सांभाळणाराही पुन्हा स्वयंसेवकच. २०२० मध्ये कोविडनं अनेक गावांतले मोसम बुडाले, तेव्हा सामना नसतानाही हीच माणसं गवत कापत होती आणि प्रायोजकांना फोन करत होती.

माझं मत विचाराल तर आणखी पदकांची गरज नाही; आणखी हातांची आहे. मेलबर्न-सिडनीत मुलांना ‘ऑस्किक’च्या फुटबॉल वर्गांना सोडून गाडीत फोन बघत बसणाऱ्या मराठी आई-बाबांनो, ते वर्गसुद्धा पालकच चालवतात. येत्या रविवारी त्यांच्याकडं जाऊन एक झेंडा मागून घ्या.