किल्ला कर, पण खंदक बुजव!

समुद्रावर जाऊन वाळूचा किल्ला केला नाही, असं कधी होतं का? किल्ल्याला तट हवा. तटाबाहेर खंदक हवा. मग काय, दोन्ही हातांनी वाळू उपसायची! अंधार पडायला लागला की आई हाक मारते. आपण हात झटकतो आणि पळतो. खंदक तिथेच राहतो.

आता ओळख बघू, रात्री त्या खंदकात कोण पडू शकतं?

कासवाचं पिल्लू!

होय, खरंच! रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास, आंजर्ले, गोव्यातलं मोरजी... इथल्या पुळणीवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले नावाची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री पाण्यातून वर येते. मागच्या पायांनी खोल खड्डा करते. त्यात शंभरेक अंडी घालते, वर वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. परत बघायलाही येत नाही! (पण बघ, खड्डा बुजवायची शिस्त तिला आहे. आपल्यालाच नाही!)

मग अंडी उबवतं कोण? वाळू! आणि खरी गंमत तर पुढेच आहे. अंड्यातून नर येणार की मादी, हेही वाळूच ठरवते! वाळू जास्त उबदार असली तर बहुतेक माद्या, जरा गार असली तर बहुतेक नर. आहे की नाही भन्नाट?

साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. एकेकटी नाही हं! शाळा सुटल्याची घंटा झाली की आपण कसे सगळे एकदम दाराकडे धावतो, तशी! प्रत्येक पिल्लू तळहातावर आरामात मावेल एवढंसं. पण उचलायचं मात्र नाही!

समुद्र कुठे आहे, हे त्यांना कोण सांगतं? कोणीच नाही! ती नुसती उजेडाकडे चालतात. रात्री समुद्राच्या बाजूचं मोकळं आभाळ जास्त उजळ दिसतं, म्हणून तिकडे. पण कोणी मोबाईलचा टॉर्च लावला तर? निघाली टॉर्चच्या दिशेने! चालून चालून दमतात बिचारी. त्यात वाटेत आपला खंदक आला की धप्प! वर चढताच येत नाही. उजाडल्यावर कावळे आणि कुत्री टपलेलीच असतात.

गावातले कासवमित्र घरटी शोधतात, अंडी कुंपणाच्या आत जपतात. पण प्रत्येक घरटं सापडतंच असं नाही ना!

आणि मोठ्या कासवांचं काय? त्यांना जेलीफिश फार आवडतात. पाण्यात तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी त्यांना जेलीफिशच वाटते. गट्टम!

म्हणून वेफर्सची रिकामी पिशवी घरी परत आण. पिल्लं दिसलीच, तर टॉर्च आणि फ्लॅश बंद. आणि किल्ला? तो खुशाल कर, चांगला उंच कर! फक्त निघायच्या पाच मिनिटं आधी ऊठ आणि खंदक भरून टाक. बाबा घाई करायला लागले, तर त्यांनाही वाळू लोटायला बसव!