गाडीची पूजा आणि गाडीची परीक्षा

खंडेनवमीच्या सकाळीं नाशिकांतील कोणत्याहि आळींतून एक फेरी मारावी. घरोघर गाड्या धुऊन पुसून उभ्या केलेल्या असतात. कोणाच्या पुढच्या काचेवर झेंडूची माळ, कोणाच्या चाकावर हळदकुंकवाचें बोट, कोठें चाकाखालीं लिंबू. पूर्वीं ज्या दिवशीं तलवार, कोयता व तराजू यांची पूजा होई, त्या दिवशीं आज स्कूटर व मोटार यांसहि मान मिळतो. आणि तें योग्यच आहे. ज्या साधनावर आपलें पोट व आपले प्राण अवलंबून, त्याविषयीं वर्षांतून एकदां कृतज्ञ होणें हा आपला जुना संस्कार आहे. परंतु हळदकुंकू लावणारा तो हात त्याच टायरच्या खाचांवरून कधीं फिरतो काय, हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रश्न सुचण्यास कारणहि तसेंच आहे. २०२२ सालीं दसरा ५ ऑक्टोबरला झाला. गाड्यांवरच्या माळा अजून पुरत्या सुकल्याहि नव्हत्या, तोंच ८ तारखेस पहांटे यवतमाळहून मुंबईस निघालेली एक खासगी बस आमच्या शहरांत, नांदूर नाक्याजवळच्या मिरची चौकांत, एका मालवाहू गाडीशीं आदळून पेटली. झोपेंत असलेल्या प्रवाशांपैकीं १२ जण प्राणांस मुकले. पुढें कितीएक दिवस शहरांत दुसरा विषय नव्हता, आणि बहुतेक ठिकाणीं बोलण्याचा शेवट एकाच वाक्यानें होई: “प्रत्येक गाडीची दरवर्षीं सक्तीनें तपासणी झालीच पाहिजे.” हें वाक्य ऐकावयास फार बरें वाटतें. पण तें कितपत खरें, हें शांतपणें पाहिलें पाहिजे.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं. भाड्यानें माणसें वा माल नेणाऱ्या गाडीस १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. लोक यालाच गाडीचें पासिंग म्हणतात. नवी गाडी असल्यास तो दोन वर्षें चालतो, गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनीं नवा करावा लागतो, व त्यापुढें दरवर्षीं. आपल्या घरच्या मोटारीची गोष्ट निराळी. तिची नोंदणी एकदां झाली कीं पंधरा वर्षें तिला कोणी हटकीत नाहीं. त्यानंतर नोंदणी नवी करतांना ती कचेरींत न्यावी लागते व पुढें दर पांच वर्षांनीं. मधल्या काळांत तिच्या धुराची मात्र वेळोवेळीं चौकशी होते. धूर किती निघतो हें सरकार विचारतें. ती थांबते कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं.

इतर देशांत काय केलें जातें? इंग्लंडांत १९६० सालीं दहा वर्षांहून जुन्या गाड्यांस ही परीक्षा लागू झाली. पुढें ती मर्यादा उतरत उतरत तीन वर्षांवर आली, आणि त्यानंतर परीक्षा दरवर्षीं. जपानांत नव्या मोटारीची तीन वर्षांनीं व मग दर दोन वर्षांनीं कसून तपासणी होते. उलट अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यानें घरगुती मोटारींच्या यांत्रिक भागांची सक्तीची तपासणी २०१० सालीं बंद केली, व टेक्सास राज्यानें २०२५ च्या आरंभापासून तोच मार्ग धरला. शहाण्यांचीं मतें अशीं दोन्हीं बाजूंस विभागलेलीं आहेत.

या वादांत सर्वांत बोधप्रद प्रयोग नॉर्वेंत झाला. तेथें सुमारें २,०४,००० मोटारींचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे तीन गट पाडण्यांत आले. एका गटाची तीन वर्षें दरवर्षीं तपासणी झाली, दुसऱ्याची एकदांच, व तिसऱ्याची मुळींच नाहीं. १९९२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गाड्यांची स्थिति सुधारली होती खरी, परंतु अपघातांच्या प्रमाणांत तिन्ही गटांत फरक आढळला नाहीं! अमेरिकेंत २००५ ते २००७ या काळांत अपघातांची जागेवर जाऊन पाहणी झाली, तेव्हां ज्यांत गाडींतील बिघाड हें निर्णायक कारण ठरलें असे अपघात शंभरांत सुमारें दोनच निघाले; बहुतेकांचें मूळ चालविणाऱ्याच्या हातांत वा डोळ्यांत होतें. आपल्याकडेहि २०२२ सालीं रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांतील दहांपैकीं सातांचा मृत्यु अतिवेगाच्या सदरीं नोंदला गेला. मिरची चौकांतील त्या बसमध्यें क्षमतेहून पुष्कळ अधिक माणसें होतीं, असें तेव्हां वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. वेग आणि गर्दी हीं दोन्हीं संकटें तपासणीच्या दिवशीं गाडींत नसतात; तीं मागाहून चढतात.

मग तपासणी व्यर्थ, असें म्हणावें काय? आमचें मत इतकें सरळ होऊं शकलें नाहीं. आणि त्यास घरचाच एक अनुभव कारण झाला. गेल्या वैशाखांत एका आप्ताच्या मुलाच्या मुंजीसाठीं आम्ही मोटारीनें कल्याणास निघालों होतों. गाडी सोळा वर्षांची. आदल्याच वर्षीं तिची नोंदणी रीतसर नवी करून घेतलेली. चिरंजीव चालवीत होते, मागें सूनबाई व दोन नातवंडें. इगतपुरी मागें टाकून कसाऱ्याचा घाट अर्धा उतरलों असूं, तोंच चिरंजीवांचा चेहरा पालटला. ते हळूच म्हणाले, “बाबा, ब्रेक खालीं जातोय.” पाय दाबावा तर तो कापसांत रुतावा तसा तळाशीं जाई, आणि गाडी मात्र पुढें सरके. ईश्वराची कृपा म्हणूनच त्यांनीं न घाबरतां गाडी खालच्या गिअरवर आणली, हातब्रेक हळूहळू ओढला व कडेच्या दगडी कठड्याजवळ ती उभी केली. धाकटी नात आम्हांस विचारीत होती, “आजोबा, आलं का कल्याण?” त्या प्रश्नास आम्हांस लवकर उत्तर देववेना.

गाडी निवल्यावर ब्रेक पुन्हां लागूं लागला. सावकाश खालीं उतरून कसाऱ्यास एका मिस्तरीस ती दाखविली. त्यानें झांकण उघडलें, आंत बोट बुडविलें, व काळपट झालेलें ब्रेक ऑइल आम्हांस दाखवून विचारलें, “हें केव्हां बदललेलं?” आम्हांपैकीं कोणासहि आठवेना. त्यानें समजावून सांगितलें तें असें: हें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. दोन-चार वर्षांत त्यांत पाणी मुरतें, व मग लांब उतारावर ब्रेक तापले म्हणजे तें तेल उकळून त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, पण तो चाकास दाबीत नाहीं. शहरांतील सपाट रस्त्यावर असला ब्रेक उत्तम लागतो. कचेरीच्या आवारांतहि तो उत्तमच लागला होता. दोष तपासणाऱ्याचा नव्हता. एका दिवसाच्या परीक्षेंत जें दिसावें तें त्यानें पाहिलें. घाट त्याच्या आवारांत नव्हता. दोष आमचा होता. दाखला हातीं आला त्या दिवसापासून आम्ही गाडीकडे पाहणेंच सोडून दिलें होतें.

दाखल्याचा खरा धोका आम्हांस येथें दिसतो. तो दोष लपवितो असें नव्हे. तो काळजी निजवितो. तरीहि नॉर्वेचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलून येथें लावणें आम्हांस धाडसाचें वाटतें. तेथील मोटारी मुळांतच बऱ्या निगेच्या. आमच्याकडे पुनःपुन्हां रबर चढविलेले टायर, वजनाची मर्यादा ओलांडून भरलेले ट्रक आणि घाटांचे रस्ते. शिवाय ज्या गाडीचा ब्रेक ढिला, तिचा साधा वेगहि अतिवेगच ठरतो. सरकारी सदरांत मात्र तो ब्रेक कोठें दिसत नाहीं.

यास्तव आम्ही गाड्यांचे दोन वर्ग करतों. एक, जिच्यांत आपण स्वतः व आपलीं माणसें बसतों ती. दुसरी, जिच्यांत परका मनुष्य पैसे देऊन विश्वासानें बसतो ती: बस, रिक्षा, शाळेची व्हॅन. या दुसऱ्या वर्गाच्या बाबतींत सक्ती हवीच. शाळेच्या व्हॅनमध्यें मुलास चढवून देणारी माता तिच्या चाकांखालीं वाकून पाहूं शकत नाहीं. तिच्या वतीनें कोणीतरी पाहिलें पाहिजे. आणि तें पाहणें नुसत्या सही-शिक्क्याचें नसावें. ब्रेकच्या परीक्षेसाठीं २५० मीटरांचा स्वतंत्र मार्ग असावा, असा आग्रह मुंबई उच्च न्यायालयास धरावा लागला, यावरूनच जुन्या रीतीची कल्पना येते. यंत्रांनीं तपासणी करणारें केंद्र सरकारी योजनेंतून ज्या शहरांत प्रथम उभें राहिलें, त्यांत आमचें नाशिक आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तेथें गाडीचीं चाकें फिरत्या रुळांवर चढवून प्रत्येक चाक किती जोरानें थांबतें, डाव्या-उजव्यांत किती अंतर पडतें, याचा आंकडाच निघतो. दिव्याचा झोत कोठें पडतो तेंहि मोजतां येतें. डोळ्यांस भीड पडते, आंकड्यास पडत नाहीं. २०२१ सालीं केंद्र सरकारनें अशा केंद्रांसाठीं देशभर नियम केले. त्यांचा अंमल चोख राहील तर सक्तीचें सार्थक होईल.

घरच्या मोटारीस मात्र दरवर्षींची सक्ती आम्हांस पटत नाहीं. लाखों गाड्यांची रांग लागली कीं तपासणारा थकतो, मध्यस्थाचें फावतें, आणि गृहस्थाची एक दिवसाची मजुरी बुडून हातीं पुन्हां निजविणारा कागदच येतो. परंतु पंधरा वर्षांनीं पहिली भेट हेंहि फार उशिराचें. दहाव्या वर्षीं पहिली परीक्षा, मग दर दोन वर्षांनीं; आणि तींत ब्रेक, स्टिअरिंग, टायर व दिवे एवढेंच, पण यंत्रावर. इतकें केल्यास खर्चाच्या मानानें लाभ पदरांत पडेल असें आम्हांस वाटतें.

उरलेलें काम कायद्याचें नव्हे, घराचें आहे. २०२७ सालीं सिंहस्थाच्या पर्वण्यांस देशभरच्या गाड्या आमच्या घाटांतून व चौकांतून येतील. त्यांच्या चाकांवर आमची सत्ता नाहीं. आमच्या चाकांवर आहे. टायरच्या खाचांत तळाशीं बारीक उंचवटे असतात. वरचें रबर झिजून त्यांच्या पातळीस आलें, म्हणजे १.६ मिलिमीटरच खोली उरली, कीं तो टायर गेला असें समजावें. दोन वर्षांनीं ब्रेक ऑइल बदलावें, व बदलल्याची तारीख घरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. मागचे दिवे स्वतःला दिसत नाहींत. ते दुसऱ्यास मागें उभें करून पाहावे.

आमच्या घरीं यंदाच्या खंडेनवमीस क्रम बदलला. आधीं सूनबाईंनीं चारी टायरांवरून बोट फिरविलें, चिरंजीवांनीं झांकण उघडून तेल पाहिलें, धाकट्या नातीनें मागें उभें राहून “लाल लागला, लाल लागला” असा पुकारा केला. माळ त्यानंतर चढली.