सूर्यप्रकाश, पाणी आणि छिद्रांची पावडर

उन्हात पाण्यापासून हायड्रोजन बनतो, हे खरं आहे. १९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडचा इलेक्ट्रोड वापरून ते दाखवलं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं, तेच हे ऑक्साइड!

मग अडतं कुठे? प्रकाश पडला की आत इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि मागे धन प्रभार उरतो. दोघांनी पृष्ठभागावर येऊन पाणी तोडायचं असतं. पण बरेचसे वाटेतच पुन्हा एकत्र येतात आणि ऊर्जा वाया जाते.

म्हणून हे ऑक्साइड स्पंजसारखं सच्छिद्र बनवतात. भिंती पातळ, म्हणजे वाट छोटी. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे कॅश मेमरीसारखं वाटतं: अंतर कमी, काम पटकन.

पण मेख आहे. स्फटिकात दोष राहिले, तर इलेक्ट्रॉन तिथेच अडकतात. दोष घालवायला भट्टीत जास्त तापवलं, तर छिद्रंच कोसळतात. खरं डिझाइन म्हणजे हा तोल सांभाळणं.

२०२१ मध्ये जपानी संशोधकांनी अशा प्रकाश-उत्प्रेरकाच्या १०० चौरस मीटर पॅनेलचे निकाल मांडले. त्यात स्ट्रॉन्शियम टायटेनेट होतं आणि कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.७६ टक्के. त्यामुळे ‘पाण्यावर चालणारी गाडी’ असं रील आलं, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा: कार्यक्षमता किती?